ठराव आणि अंमल

कायदा झाला, तरी माणसे मोकळी का झाली नाहीत? अमेरिकेची लोकशाही शिकवताना हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर लिटल रॉकमध्ये आहे, तसेच नांदेड जिल्ह्यातही आहे.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुले हायस्कूलच्या दारात गेली. गव्हर्नर फॉबस यांनी सशस्त्र दल उभे करून त्यांना अडविले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी लष्कर पाठविले आणि मुले पहाऱ्यात वर्गात गेली. आयसेनहॉवर समतेचे कैवारी नव्हते. पण न्यायालयाचा निकाल झुंडीपुढे वाकू द्यायचा नाही, एवढे त्यांनी ठरविले.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. लागलीच मराठवाडा पेटला. नाव विद्यापीठाचे होते; जळाली ती शेतमजुरांची घरे. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा निर्घृण खून झाला. ठराव मात्र कागदावरच राहिला. येथे सत्ता झुंडीपुढे वाकली. पुढची सोळा वर्षे मोर्चे, तुरुंग आणि बलिदाने यांची आहेत. १९९३ साली नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव लागले, तेही नामांतर म्हणून नव्हे, 'नामविस्तार' म्हणून. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. नांदेड-लातूरची महाविद्यालये तिकडे गेली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ज्या नावासाठी आमच्या जिल्ह्याने रक्त सांडले, ते माझ्या पदवीपत्रावर नाही.

म्हणून अमेरिकेला स्वर्ग मानण्याचे कारण नाही. लिटल रॉकमध्ये १९५८-५९ चे संपूर्ण वर्ष हायस्कुले बंद ठेवली गेली. कृष्णवर्णीयांना १८७० साली घटनेने दिलेला मताधिकार दक्षिणेत प्रत्यक्षात उतरायला १९६५ चा कायदा यावा लागला. त्या कायद्यातील एक कळीचे कलम २०१३ साली न्यायालयानेच रद्द केले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. संविधान सभेत त्यांनी बजावले की, संवैधानिक नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते. ठराव ही लढ्याची अखेर नव्हे. ठरावानंतरच्या सकाळी शासन कोणाच्या दारात उभे राहते, यावर लोकशाहीची परीक्षा होते. ती परीक्षा घेण्याचे काम आपले आहे.