अजिंठ्याला लावलेलं पॉलिश

गेल्या आठवड्यात आमच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक झाली. सभामंडपाच्या भिंतीवर दशावताराची जुनी चित्रं आहेत, आता पार काळवंडलेली. एकजण म्हणाले, "यात्रेच्या आधी व्हार्निशचा एक हात मारू, चमकतील." दुसरे म्हणाले, "त्यापेक्षा ऑइलपेंटने नवीनच काढून घेऊ." दोघांचाही हेतू चांगला. मी उठून काहीतरी बोललो, पण नीट मांडता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाने वाचावी.

चित्रांवर व्हार्निश मारण्याचा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात आधी झालाय. अजिंठ्याला.

अजिंठ्याची बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली. त्यातले रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुन्यासारखे पांढरे पदार्थ आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द दगड. हे बहुतेक माती-दगडाचे रंग. फुलापानांच्या रंगासारखे ते उन्हाने विटत नाहीत. गेरूचा लाल रंग मुळात लोखंडाच्या गंजाचाच. तो आणखी काय गंजणार?

मग चित्रं खराब का झाली? कारण रंग टिकाऊ असले तरी त्यांना धरून ठेवणारा सरस आणि खालचा गिलावा टिकाऊ नव्हता. गिलावा मातीचा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे धागे. डोंगरातून पावसाचं पाणी झिरपतं, किडे तूस खातात, वटवाघळं भिंती घाण करतात. गिलावा सुटला की चित्र त्याच्यासकट खाली.

1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी लेण्यांत पोचला आणि जगाला अजिंठा कळला. (त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव कोरून ठेवलं. ही खोडही जुनीच म्हणायची!) 1844 पासून रॉबर्ट गिल नकला करायला बसला. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. धुरकट भिंतीवरचं नीट दिसावं म्हणून त्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवलं गेलं. आणि दैव बघा, गिलच्या बहुतेक नकला 1866 मध्ये आणि ग्रिफिथ्सच्या कितीतरी नकला 1885 मध्ये इंग्लंडात आगीत जळाल्या. नकला गेल्या, मूळ चित्रांवरचं व्हार्निश मात्र राहिलं.

पुढे अजिंठा निजामाच्या राज्यात असताना, 1920 ते 22 च्या दरम्यान, इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणले गेले. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला चिकटवला, ते काम मोलाचं होतं. पण वरून त्यांनी शेलॅक लावलं. शेलॅक म्हणजे आपला सुतार कपाटाला करतो त्या लाखेच्या पॉलिशमधलीच वस्तू.

सुरुवातीला चित्रं उजळली. मग लाख पिवळी पडली, नंतर तपकिरी. पिवळ्या थराखालचा निळा रंग काळपट-हिरवा दिसू लागला, पांढरा मातकट झाला. धूळ आणि धूर त्याच थरात अडकले. लाख आक्रसली तशी तिने रंगाचे पापुद्रे वर ओढले. जुनी लाख सहज विरघळतही नाही. स्वातंत्र्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कितीतरी वर्षं हा थर तसू तसू काढण्यात गेली. जिथे तो निघाला तिथे खाली निळा आणि पांढरा तसाच सापडला. आपल्याला म्हातारे वाटणारे रंग पुष्कळ ठिकाणी म्हातारे नव्हतेच, वरचं पॉलिश म्हातारं झालं होतं.

त्या माणसांना अक्कल नव्हती असं मी म्हणत नाही. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी केलं. आपल्याला आज माहीत आहे, म्हणून आपल्याला ती सबब नाही.

आपलं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या यादीत नाही. म्हणजे आपल्याला अडवणारं कोणी नाही, जबाबदारी सगळी आपलीच. माझं म्हणणं एवढंच:

आधी गळणारं छप्पर दुरुस्त करा. चित्रांचा खरा शत्रू पाणी आहे, जुनेपणा नाही.

भिंतीला पाणी, साबण, व्हार्निश, ऑइलपेंट काहीही लावू नका. दगडी खांबांनाही नको. ऑइलपेंटने आतली ओल आतच कोंडते.

जाणकार माणूस येऊन बघेपर्यंत थांबा. जे उद्या काढता येणार नाही ते आज लावू नका.

यात्रेला देऊळ चकाचक दिसावं असं मलाही वाटतं. त्यासाठी कमान रंगवू, रोषणाई करू, रांगोळ्या काढू. भिंत तेवढी राहू द्या.

पुढची बैठक रविवारी संध्याकाळी देवळातच आहे. कोणाच्या घरी लग्नाबिग्नाचे जुने फोटो असतील आणि मागे ही भिंत दिसत असेल, तर ते घेऊन या. चित्रं मूळची कशी होती ते आधी सगळ्यांनी मिळून बघू.