भूत पेशव्याचं, तुरुंग कुणाचा?

आम्हा लोणावळेकरांना भुताच्या गोष्टी नव्या नाहीत. घाटात त्या वळणावळणाला भेटतात. पण लोकल पुण्याकडे निघाली की गप्पांत हमखास शनिवारवाडा येतो. रात्री तिथं ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते म्हणे. कुणी अमावास्या सांगतं, कुणी पौर्णिमा.

हाकेमागचा खून मात्र खरा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना वाड्यातच मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरलं आणि त्यांच्याविरुद्ध बारभाई उभे राहिले. त्यांतल्या नाना फडणवीसांचा खजिना पुढे आमच्या मावळातल्या लोहगडावर होता. मार्च १८१८ मध्ये तो गडही इंग्रजांनी घेतला.

त्याआधीच, १७ नोव्हेंबर १८१७ ला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं होतं. पुढे काही काळ हा वाडा चक्क तुरुंग होता. जिथं पेशव्यांचा दरबार भरायचा, त्याच इमारतीत कैदी कोंडले गेले. १८२८ च्या आगीत आतलं लाकडी वैभव जळालं. तट, बुरूज आणि दरवाजे तेवढे उरले.

त्या कैद्यांपैकी एकाचंही भूत मी आजवर ऐकलेलं नाही.

वाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर खडकमाळ आळी आहे. तिथल्या जुन्या मामलेदार कचेरीत इंग्रजांशी लढलेले उमाजी नाईक कैदेत होते. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना फाशी झाली. लोकांना दहशत बसावी म्हणून प्रेत पिंपळाला टांगून ठेवलं. कोठडी, फाशी, पिंपळ... भुताच्या गोष्टीला आणखी काय लागतं? तरी मध्यरात्री तिथं शूट केलेलं एकही रील माझ्या पाहण्यात नाही.

मला वाटतं, भूत व्हायलाही आधी नाव लागतं. नारायणरावांची शेवटची हाक बखरी, नाटकं, आज्या यांनी जपली. उमाजींची बरीच हकीकत कळते ती कॅप्टन मॅकिंटॉशच्या १८३३ च्या पुस्तकातून, म्हणजे त्यांना पकडणाऱ्यांच्याच लेखणीतून. वाड्यातल्या साध्या कैद्यांना तर तेवढंही मिळालं नाही.

म्हणून भुताची गोष्ट ऐकली की मी आता ‘खरं का रे?’ विचारत नाही. या जागेत आणखी कोण कोण होतं, ते विचारतो. अंगावर काटा येतो तो त्या उत्तरानं.