पिंजऱ्यातला ससा आला कुठून?

कासवाबरोबरची शर्यत हरलेला ससा, चंद्रावर जाऊन बसलेला ससा, पान पडलं तर आभाळ कोसळलं म्हणून पळत सुटलेला ससा आणि पेट शॉपच्या पिंजऱ्यात गाजर कुरतडत बसलेला ससा. मराठीत या सगळ्यांना एकच शब्द आहे, त्यामुळे ते आपल्याला एकच प्राणी वाटतात. पण पहिले तिघे रानससे आहेत. चौथ्याचं कूळ वेगळं, गाव वेगळं आणि स्वभावही वेगळा.

आपल्या माळरानावर दिसणारा रानससा बीळ खणत नाही. तो गवतातल्या उथळ खळग्यात अंग चोरून बसतो आणि जिवावर बेतलं की सुसाट पळतो. त्याची पिल्लं जन्मतात तीच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन. पिंजऱ्यातल्या सशाचे पूर्वज मात्र जमिनीखाली बिळांचं जाळं खणून घोळक्याने राहणारे. त्यांची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात, कारण बिळात ती सुरक्षित असतात. रानससा पाळता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) त्याला संरक्षण आहे. आपण विकत आणतो तो युरोपियन ससा. त्याचं मूळ गाव स्पेन-पोर्तुगालचं द्वीपकल्प आणि त्याला लागून असलेला दक्षिण फ्रान्स.

रोमन लोकांनी स्पेन जिंकला तेव्हा त्यांची या प्राण्याशी ओळख झाली. भिंती घातलेल्या वाड्यांमध्ये ते मांसासाठी ससे ठेवत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला लेखक प्लिनी सांगतो, की स्पेनजवळच्या बॅलेअरिक बेटांवर सशांनी शेतं इतकी फस्त केली, की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क सैन्याची मदत मागितली.

मग ससा माणसाळला कधी? इंटरनेटवर याचं एक झकास उत्तर मिळतं. इ. स. ६००च्या सुमारास पोप ग्रेगरीने सशाच्या कोवळ्या पिल्लांना मासे ठरवलं, त्यामुळे उपवासात ती खायची सोय झाली आणि फ्रान्समधल्या मठांत ससे पाळायला सुरुवात झाली. गोष्ट छान आहे, फक्त खरी नाही. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिचा माग काढला. पोपचा असा हुकूम कुठेच सापडला नाही. सापडला तो सहाव्या शतकातला दुसराच ग्रेगरी, फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप. त्याने लिहून ठेवलं होतं, की एका आजारी सरदाराने उपवासाच्या काळात सशाची पिल्लं खाल्ली आणि पुढे तो मेला. पोपचं नावही नाही आणि माशांचा विषयही नाही. पुढच्यांनी दोन ग्रेगरींची गल्लत केली आणि ती चूक पुस्तकातून पुस्तकात कॉपी-पेस्ट होत राहिली. आमच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे.

खरा इतिहास संथ आहे. नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकाच्या आसपास ससे इंग्लंडमध्ये नेले. तिथे ते खास राखलेल्या जमिनींवर वाढवले जात, त्यांच्यासाठी मातीचे मऊ उंचवटे रचले जात आणि देखरेखीला रखवालदार असे. हळूहळू मोकळ्या वाड्यातून ससा खुराड्यात आला आणि वेगवेगळ्या रंगांच्या, आकारांच्या जाती निघू लागल्या. निव्वळ हौसेखातर ससे पाळणं बोकाळलं ते एकोणिसाव्या शतकात. १९०२ मध्ये आलेल्या 'पीटर रॅबिट'ची लेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिने स्वतः ससे पाळले होते. पण सशाचं खुराडं मुळात मांसाच्या सोयीने घडलेलं होतं. थोडी जागा आणि कमी हालचाल, म्हणजे वजन लवकर वाढतं. तेच खुराडं पुढे लाडक्या प्राण्याचं घर झालं आणि आजही दुकानात तेच मिळतं.

या प्रवासात ससा किती बदलला? भित्र्या माणसाला आपण 'सशाचं काळीज' म्हणतो. पाळीव सशात बदल झाला तो मेंदूत. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीव आणि रानटी युरोपियन सशांच्या मेंदूंचे एमआरआय स्कॅन केले गेले. भीतीशी संबंधित असलेला अमिग्डाला हा भाग पाळीव सशात लहान निघाला आणि भीतीला आवर घालणारा भाग मोठा. म्हणजे तो माणसाला पाहून लगेच पळत नाही, इतकंच. बाकीचं शरीर अजून स्पेनच्या गवताळ टेकडीवरच आहे. इंटरफेस नवा, आतला कोड जुना.

सशाची निगा म्हणजे हा जुना कोड समजून घेणं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, कारण ते चरबट गवतावर झिजायला बनले आहेत. म्हणून आहाराचा मोठा भाग वाळलेलं गवत हवं. गाजर गोड असतं, ते खाऊपुरतंच. गवतातून सगळं पोषण एका फेरीत निघत नाही, म्हणून ससा स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. ती घाण सवय नव्हे, पचनाची दुसरी पाळी आहे. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, तर लगेच पशुवैद्य गाठावा.

बिळातला गारवा त्याच्या अंगवळणी पडलेला, त्यामुळे आपला उन्हाळा त्याला झेपत नाही. बंद गॅलरीत दुपारभर ठेवलेला ससा उष्माघाताने मरू शकतो. उचलून घेणं त्याला शिकारी पक्ष्याच्या झडपेसारखं वाटतं. तो लाथा झाडतो आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलू नये. घोळक्यातला प्राणी असल्याने त्याला जोडीदार लागतो, पण नसबंदी केलेला. कारण गर्भकाळ फक्त महिनाभराचा असतो.

या शेवटच्या मुद्द्याचा धडा ऑस्ट्रेलियाने गिरवला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिनने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून २४ ससे मागवले. पुढे देशभर इतके ससे झाले, की १९५० मध्ये ते मारायला मुद्दाम विषाणू सोडावा लागला. क्वीन्सलँड राज्यात आजही घरी ससा पाळायला बंदी आहे.

आपल्याकडे शोकांतिका लहान असते आणि घराघरात घडते. मुलाच्या वाढदिवसाला जोडी येते, हौस फिटते आणि एखाद्या रविवारी तिला टेकडीवर 'निसर्गात' सोडून दिलं जातं. 'ससाच तो, राहील रानात,' असं आपण म्हणतो. रानात राहतो तो दुसरा. या पांढऱ्या सशाला तिथे ना बीळ असतं ना घोळका, आणि भटक्या कुत्र्यांना तो लांबूनही दिसतो. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. पहिलीतल्या मुलासाठी आणलात, तर त्याच्या दहावीपर्यंत पुरेल एवढा काळ. दुकानात किंमत विचारताना हा आकडाही मनात असू द्या.