पेटी, रेहल आणि प्लॅस्टिकची खुर्ची

आमच्या दादीचा एक नियम होता. खाट फरफटत न्यायची नाही, दोघींनी धरून उचलायची. जमिनीला ओरखडे पडतात म्हणून सांगत असेल, असे लहानपणी वाटायचे. पण पनवेलच्या आमच्या जुन्या घरात फरशी नव्हतीच, सारवलेली जमीन होती. एकदा विचारलेच, तर म्हणाली, "अगं, तीपण अल्लाहचं नाव घेते. ओढलीस तर तिची तस्बीह तुटेल." तेव्हापासून रात्री खाट करकरली, की तिची तस्बीह कुठवर आली, याचा अंदाज मी घेत पडायचे.

पुढे बी.एड. झाले, शाळेत शिकवू लागले, चार किताबे वाचली, तेव्हा कळले की दादीचे बोलणे हवेतले नव्हते. प्रत्येक वस्तू अल्लाहची तस्बीह करते, आपल्याला ती उमगत नाही, असा आशय सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. जेवताना अन्नाची तस्बीह ऐकू येत असे, ही हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद यांची रिवायत सहीह बुखारीत आहे.

खजुराच्या खोडाची हकीकत तर आपण मकतबमध्येच ऐकलेली असते. मदिनेच्या मशिदीत हुजूर (स.) एका खोडाजवळ उभे राहून खुत्बा देत. पुढे एका अन्सारी महिलेने आपल्या सुतार गुलामाकडून झाऊच्या लाकडाचा तीन पायऱ्यांचा मिंबर करवून दिला. हुजूर (स.) मिंबरवर गेले आणि ते खोड रडू लागले. ते खाली उतरले, खोडावर हात ठेवला, तेव्हा कुठे ते शांत झाले. मौलाना रूमींनी हा प्रसंग मसनवीच्या पहिल्या दफ्तरात घेतला आहे. नवी वस्तू घरात आली, की जुनीला काय वाटते, याची याहून मोठी नोंद कुठली? आपण मात्र सोफ्यावर सोफे बदलतो आणि रडण्याचा आवाज आलाच, तर तो हप्ते फेडणाऱ्याचा असतो.

इतरांनीही वस्तूंचा विचार केलेला आहे. आपले शेजारी खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. वापरून जुन्या झालेल्या वस्तूंमध्ये जीव येतो, अशी समजूत जपानमध्ये होती. साफसफाईत फेकून दिलेली भांडीकुंडी चिडून माणसांवर उलटतात आणि शेवटी बौद्ध होऊन मुक्ती मिळवतात, अशी तिथली एक जुनी चित्रकथा आहे. मोडलेल्या सुया मऊ टोफूत खोचून त्यांचे आभार मानण्याचा दिवस तिथे अजून पाळतात. आपल्याकडे वस्तूची पूजा नाही, तौहीदमध्ये तिला जागाच नाही. पण पूजा नाही म्हणून बेअदबी करावी, असेही कुणी सांगितलेले नाही. पूजा आणि भंगार यांच्यामध्ये आणखी एक जागा आहे, ती गवाहीची.

पनवेलचा इतिहास तर लाकडावरच चालत आला. आगगाडी येण्याआधी देशावरचा माल बैलगाड्यांनी बोरघाट उतरून पनवेल बंदरात यायचा आणि होड्या-गलबतांनी मुंबईला जायचा. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८५२ साली इथे नगरपालिका आली. बैलगाडीची चाके हा इथला मुख्य धंदा. देशावरचा शेतकरी पनवेलची चाकजोडी मिळवायला धडपडतो, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, ती कर्जतवरून, पनवेलला बाजूला टाकून. त्या गॅझेटियरमध्ये चाक आहे, पण ते घडवणाऱ्या सुताराचे नाव नाही. चाक बोलले असते, तर त्याने सांगितले असते.

आजच्या वस्तूंचेही असेच आहे. प्लॅस्टिकची खुर्चीच घ्या. निकाहला ती, मय्यतीला ती, मिलादच्या जलशाला ती. एका मसलकच्या जलशातून उठली, की दुसऱ्याच्या जलशात जाऊन बसते. गणपतीच्या मंडपातही तीच, कारण मंडपवाला एकच. इतक्या तकरिरी ऐकून जिने कुणाशी वाद घातला नाही, असा दुसरा बुजुर्ग मी पाहिलेला नाही. आता तर गुडघे दुखणाऱ्यांमुळे ती मशिदीच्या सफमध्येही आली आहे. उलट रेहल बिचारी बेकार झाली. एकाच फळीतून, खिळा न मारता कोरलेली ती दोन पाने मोबाईलमध्ये कुरआन आल्यापासून मिटून कपाटावर पडली आहेत.

हे सगळे आठवले, ते आमच्या पेटीमुळे. माझे पणजोबा बोटीवर खलाशी होते. ही लाकडी पेटी त्यांच्याबरोबर समुद्रावर फिरलेली. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूस त्यांनी आपल्या सातही मुलांचे जन्म चांद आणि तारखेसह उर्दूत लिहून ठेवले होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा साऱ्या देशासाठी झाला १९६९ साली. दादी त्याच्या कितीतरी आधीची. तिच्या जन्माचा आमच्याकडे असलेला एकमेव दाखला म्हणजे ते झाकण. पण कचेरीच्या खिडकीतून पेटी कशी सरकवणार?

जुने घर पाडून इमारत बांधायचे ठरले, तेव्हा घरच्यांनी सामान भंगारवाल्याला दिले. मी शाळेतून येईपर्यंत पेटी हातगाडीवर चढली होती. आठशेला गेलेली पेटी मी बाराशेला परत घेतली. भंगारवाला म्हणाला, "मॅडम, हिच्यात जिन आहे काय?" मी म्हटले, "सात आहेत, आणि सगळे आमचेच नातेवाईक."

तो हसला, मीही हसले. पण घरी येऊन झाकण उघडले, दादीच्या नावावरून बोट फिरवले आणि छातीत धस्स झाले. अर्धा तास उशीर झाला असता, तर पणजोबांचे अक्षर आम्हाला पुन्हा दिसले नसते.

दुसऱ्याच आठवड्यात आठवीच्या मुलांना सांगितले, घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधा आणि तिची हकीकत मोठ्यांना विचारून लिहून आणा. कुणी पानदान लिहिले, कुणी जाते, कुणी तांब्याचा बधना. एकाने फ्रिज लिहिला. एका मुलाने लिहिले, "आमच्या घरात जुने काही नाही, फक्त नानी आहे." त्याला मी पूर्ण मार्क दिले आणि सांगितले, आज घरी जाऊन नानीजवळ बस.

आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरांतून बखरी निघत नाहीत. खलाशी, सुतार, विणकर, शेतकरी यांनी रोजनिशी लिहिली नाही. त्यांचा इतिहास पेटीच्या झाकणावर आहे, पाट्याच्या झिजलेल्या खळग्यात आहे, रेहलच्या गुळगुळीत झालेल्या कडेवर आहे. घरे पडत आहेत, इमारती उभ्या राहत आहेत. राहूद्यात, मुलाबाळांना जागा हवीच. फक्त वस्तू काट्यावर चढवण्यापूर्वी तिला उलटी करून पाहा, झाकण उघडून पाहा. कुणी केली, कुणी आणली, कुणी वापरली, एवढे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. लाकूड तस्बीह करीत असेल, ती अल्लाह ऐकतो. त्याची गवाही मात्र आपल्यालाच लिहून घ्यावी लागेल.