गंगारामच्या हॉटेलातला चहा

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला काय दाखवतात? अंबाबाई, रंकाळा आणि मिसळ. कुठल्या गल्लीतल्या मिसळीचा कट जाळ आहे, कुठल्या खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा पोटभर वाढतात, गंगावेशीत म्हशीचं दूध पुढ्यात कसं काढून देतात, हे कोल्हापूरकराला तोंडपाठ. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या त्यावर पानंच्या पानं भरतात. आज्यानं हातगाडी लावली, बापानं गाळा घेतला, नातवानं शाखा काढल्या. असू दे. कुणाच्या कष्टाला आपण नावं ठेवणार नाही. आपल्यालाही मिसळ आवडते.

पण त्या यादीत एक हॉटेल कधी दिसत नाही. भाऊसिंगजी रोडवर ते होतं. नाव 'सत्यसुधारक'. मालक गंगाराम कांबळे. जात महार. मिसळीचा इतिहास सांगणारे या हॉटेलापाशी आले की आवंढा गिळतात आणि पुढं सरकतात. म्हणून दोस्तहो, हा इतिहास आपणच लिहायचा. मी प्रोफेसर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो, पाळी सुटली की वाचतो. वाचलं ते इथं मांडतो.

गंगाराम मुळात शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला. वाड्यावरच्या नोकरांत मराठे होते तसे महारही होते. घोडा दोघांचा एकच, लीद एकच. पाण्याचा हौद मात्र मराठ्यांचा. एके दिवशी गंगारामचा हात त्या हौदाला लागला. झालं. पाणी बाटलं. मराठा नोकरांनी त्याला धरून चाबकानं बेदम मारलं. घोड्यालाही मारत नाहीत इतकं मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर गंगारामनं जाऊन पाठ उघडी करून दाखवली. महाराज संतापले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली.

इथंवरची गोष्ट आपल्याला ओळखीची आहे. मार खाल्ला, दाद मागितली, दाद मिळाली. दुसरा राजा असता तर गंगारामला पुन्हा पागेत धाडून दिलं असतं. शाहू महाराजांनी त्याला नोकरीतून मोकळं केलं. स्वतःचा धंदा काढ म्हणाले, भांडवल दिलं. आणि गंगारामनं धंदा कुठला काढला? लाकडाची वखार नाही, गवताचा अड्डा नाही. चहाचं हॉटेल काढलं!

यातली हिंमत नीट समजून घ्या. विटाळाला आपण धर्माचं खूळ म्हणतो. ते खूळ आहेच, पण ते बाजाराचंही कलम आहे. महारानं मोळी विकली तर चालते, कारण लाकूड कोरडं. दोर विकला, चालतो. गवत विकलं, चालतं. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. पाणी, चहा, भाजी, भाकरी, म्हणजे माणूस रोज उठून ज्यावर पैसा खर्च करतो ते सगळं आपल्या हातून विकायला बंदी. शिवायचं नाही एवढाच त्या नियमाचा अर्थ नव्हता. कमवायचं नाही, हा खरा अर्थ.

गिरणीत हेच होतं. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. का, तर धोट्यातली कांडी बदलली की दोरा तोंडानं ओढावा लागे, आणि महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळ थुंकीचा आणि तोटा पगाराचा. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला, तो याच्यासाठी. धोट्यातला दोरा आणि कपातला चहा, दोन्हीकडं कायदा एकच.

चहाचा तर विटाळ बामणाबामणांतसुद्धा होता. १८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या घरी चहा-बिस्किटं घेतली म्हणून भल्याभल्यांवर ग्रामण्य आलं. त्यांत टिळक होते, रानडे होते. त्यांनाही पुढं प्रायश्चित्ताची भाषा करावी लागली. पुण्याच्या पुढाऱ्यांची ही गत, तिथं कोल्हापुरात महाराच्या किटलीतला चहा कोण पिणार? सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. चूल पेटलेली, कपबश्या धुतलेल्या आणि रस्त्यावरून जाणारे तोंड फिरवून जाताहेत. गंगारामचे ते दिवस कसे गेले असतील याचा अंदाज आपण बांधू शकतो.

मग महाराज स्वतः येऊ लागले. त्यांची गाडी गंगारामच्या दारात थांबायची. सगळ्यांच्या देखत ते चहा मागवायचे, घ्यायचे आणि बरोबरच्या सरदारांना, कारभाऱ्यांना द्यायला लावायचे. ज्यांची कामं महाराजांकडं अडलेली असत त्यांनाही आधी गंगारामचा चहा घ्यावा लागे, असं कोल्हापुरात अजून सांगतात. राजानं प्यायलेला चहा नको कसा म्हणणार? पुढं महाराजांनी त्याला सोड्याचं मशीनही दिलं.

आता सुटे हुकूम बघा. १९०२ साली संस्थानातल्या पन्नास टक्के नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ ला सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने यांत शिवाशिव पाळायची नाही असं फर्मावलं. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांच्या परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहिले. हे सगळं पुस्तकात सापडतं. पण माझ्या मते गंगारामच्या हॉटेलातला चहा हा हुकूमांच्या पलीकडचा आहे. कारण हुकमानं दार उघडतं. गिऱ्हाईक आणता येत नाही.

इथं थोडं थांबा. आपली सगळी लढाई आत जाण्याची होती. १९१७ ला बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना हाकललं. परदेशातून शिकून आलेल्या माणसाला डोकं टेकायला जागा मिळाली नाही. १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी आपण ओंजळीत घेतलं. मग राज्यघटना आली. कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ ला अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला, १९७६ ला तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणू लागले. आज कुठल्याही हॉटेलात वेगळा कप पुढं आला तर फिर्याद करता येते. हे बाबासाहेबांनी दिलं. पण आत जाऊन चहा पिण्याचा हक्क ही अर्धी गोष्ट. आपल्या हातचा चहा दुसऱ्यानं प्यावा, ही उरलेली अर्धी. गंगारामचं हॉटेल त्या उरलेल्या अर्ध्याचं आहे.

मी हे हवेतून बोलत नाही. माझ्या आईनं एस.टी. स्टँडबाहेर गाडा लावला. चहा आणि कांदाभजी. आठ दिवस धंदा झकास. मग एक गिऱ्हाईक भजी खाता खाता म्हणालं, "मावशी, कुणातल्या तुम्ही?" आई म्हणाली, "राजवाड्यातली." आमच्या भागात आपल्या वस्तीला राजवाडा म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत होतं. त्यानं कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. पैसे मात्र मोजून दिले. शिवी नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवसापासून भजी परातीत राहू लागली.

कुणावर फिर्याद करायची? १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, आर्थिक बहिष्कार हाही गुन्हा ठरला. चांगलं झालं. गावानं दवंडी देऊन बहिष्कार घातला तर कायदा हाताशी आहे. पण एकेकटा माणूस गुपचूप कप ठेवून निघून गेला तर? न प्यालेल्या चहाचा पंचनामा कोण करणार? आई म्हणाली, "गाडा हलवायचा न्हाई. ज्याला भूक लागंल त्यो खाईल." हमाल आले, ड्रायव्हर-कंडक्टर आले, कॉलेजची पोरं आली. गाडा टिकला. पण शेजारच्या गाड्याएवढा कधी झाला नाही.

म्हणून आपले किती धंदेवाले पाटीवर आडनाव लिहीत नाहीत ते बघा. देवाचं नाव लिहितात, गावाचं लिहितात, पोरीचं लिहितात. मी त्यांना दोष देत नाही. पोट आहे. पण गंगाराम कुणापासून लपला नव्हता. त्याची जात रस्त्याला माहीत होती आणि तरी त्यानं आधण ठेवलं.

राजाचा चहा पुरतो का, असा प्रश्न तुम्ही विचाराल. विचारलाच पाहिजे. राजाच्या धाकानं प्यालेला चहा धाकापुरताच असतो. ६ मे १९२२ ला महाराज गेले. राजा गेला की सरदारांच्या गाड्या थांबायच्या बंद होतात. बाबासाहेबांनी पाच वर्षांनी महाडला राजाची वाट बघितली नाही, ते यासाठीच. आणि तरीही गंगाराम विसरला नाही. १९२५ साली कोल्हापुरातल्या नर्सरी बागेत शाहू महाराजांचं पहिलं स्मारक उभं राहिलं, ते या हॉटेलवाल्याच्या पुढाकारानं, आपल्या लोकांच्या वर्गणीतून. ज्यांना महाराजांनी जहागिऱ्या दिल्या ते मागं राहिले. ज्याच्याकडं चहा प्याले तो पुढं आला.

आता आपल्याला राजा नाही. नकोच. पण गिऱ्हाईक आपण आहोत. मोर्चाहून परतताना, शिबिराच्या जेवणाला, जयंतीच्या मांडवाला आपला पैसा कुठं जातो याचा हिशेब शाखेनं एकदा मांडावा. आपल्या वस्तीतल्या बाईच्या खानावळीत आपण किती वेळा जेवतो? आणि जाताना एकटं जाऊ नये. समतेच्या गप्पा मारणारा सवर्ण दोस्त असेल त्याला बरोबर न्यावं. व्याख्यान देऊ नये. समोर कप ठेवावा. पितो का बघावं.

पाहुणा कोल्हापूरला आला तर त्याला मिसळ जरूर खिलवा. नंतर भाऊसिंगजी रोडवर न्या आणि सांगा, इथं एका महारानं चहा विकला.

जयभीम.