‘फ्रायडे नाइट फंकिन’ खेळायचाय? आधी वायरवाला हेडफोन लावा

‘फ्रायडे नाइट फंकिन’ हा ब्राउझरमध्ये चालणारा, गाण्याच्या तालावर बटणं दाबायचा खेळ. डाउनलोड करायचं काही नाही, पैसेही लागत नाहीत. संगणक, की-बोर्ड आणि इंटरनेट एवढं पुरतं. तरी नवखा खेळाडू दोन-तीनदा हरतो आणि ‘आपल्याला तालच नाही’ म्हणत टॅब बंद करतो. पुष्कळदा दोष त्याच्या तालाचा नसतो, उशिरा पोचणाऱ्या आवाजाचा असतो.

निन्जामफिन९९, फँटमआर्केड, ईव्हिलस्केटर आणि कावाई स्प्राइट या टोपणनावांनी काम करणाऱ्या चौघांनी ऑक्टोबर २०२० मध्ये ‘लुडम डेअर ४७’ या झटपट खेळ बनवण्याच्या उपक्रमासाठी तो तयार केला. ‘न्यूग्राउंड्स’ या जुन्या अमेरिकी संकेतस्थळावर तो गाजला. एप्रिल २०२१ मध्ये ‘वीक ७’ हा भाग आला, तेव्हा गर्दीमुळे ते संकेतस्थळच कोलमडलं होतं. त्याच वर्षी पूर्ण खेळासाठी किकस्टार्टरवर २० लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

नुसतं नाव शोधलं की नकलांची रांग लागते, त्यात जाहिरातींचा मारा. म्हणून थेट न्यूग्राउंड्सवरच जावं. संवाद आणि विनोद जरा उद्धट आहेत. लहान मुलं खेळणार असतील तर मोठ्यांनी आधी एक नजर टाकलेली बरी.

खेळ सवाल-जवाबाचा आहे. समोरचा एक ओळ गातो, मग ‘बॉयफ्रेंड’ नावाचं पात्र तीच किंवा तिच्यासारखी ओळ परत गातं. ते गाणं खेळाडूच्या हातात. पडद्याच्या खालून रंगीत बाण वर सरकतात. वरच्या राखाडी बाणावर नेमके आले की त्या दिशेचं बटण दाबायचं. बाणाला शेपटी असेल तर ती संपेपर्यंत बटण दाबून धरायचं. अ‍ॅरोची चार बटणं चालतात, किंवा डब्ल्यू, ए, एस, डी. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वापरली तर पुढे वेग झेपतो. चुका वाढल्या की खालची पट्टी समोरच्याच्या बाजूने सरकते, शेवटी डाव संपतो. सगळी बटणं एकदम बडवून काही साधत नाही.

आता उशिराचं. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ढोल वाजत असेल तर टिपरू पडताना आधी दिसतं, आवाज मागाहून येतो. ब्लूटूथ हेडफोनवर तेच होतं. तिथे १५० ते २०० मिलिसेकंद उशीर सहज होतो. पहिल्या आठवड्याचं ‘बोपीबो’ हे गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं, म्हणजे एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. २०० मिलिसेकंद उशीर झाला तर ठोक्याचा तिसरा हिस्सा गेला! कानावर विश्वास ठेवून दाबलेलं प्रत्येक बटण उशिरा पडणार. त्याच आठवड्याचं ‘डॅड बॅटल’ १८० ठोक्यांचं आहे; तिथे तर हा उशीर अर्ध्या ठोक्याच्याही पुढे जातो.

त्यामुळे वायरचा हेडफोन लावावा, नाहीतर लॅपटॉपचाच स्पीकर वापरावा. व्हिडिओ चालू असलेले बाकीचे टॅब बंद करावेत. सुरुवातीला आवाजच नाही आला तर खेळावर एकदा क्लिक करावं. क्लिक होईपर्यंत ब्राउझर आवाज अडवून ठेवतात. एवढं करूनही बाण आणि गाणं जुळत नसेल, तर नव्या आवृत्तीत ऑफसेट बदलायची सोय आहे. तो थोडाथोडा बदलत तेच गाणं पुन्हा वाजवून बघावं.

सराव ‘ट्युटोरियल’पासून सुरू करावा. तिथे ‘गर्लफ्रेंड’ गाते आणि खेळाडू मागोमाग म्हणतो. भजनात टाळकरी जसे ओळ झेलतात तसंच. एकदा नुसतं ऐकावं, पायाने ठेका धरावा, मगच बटणांना हात लावावा. तबला शिकलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही; ज्यांची नजर बाणांवरच खिळलेली असते त्यांना वेळ लागतो.

मग ‘ईझी’वर पहिला आठवडा खेळावा. एखादं गाणं अडलं तर ‘फ्रीप्ले’मध्ये ते एकटंच निवडता येतं. ‘डॅड बॅटल’ बहुधा तिथेच घोटावं लागतं.