लायसनवरचं माहेर

आमच्या गटातल्या एका ताईंचं मालवाहू रिक्षाचं कर्ज अडलं. लायसनवर नाव वडिलांचं, पासबुकावर नवऱ्याचं. बाई एकच, पण कागदांना वाटलं दोघी आहेत. मग आम्ही सगळ्याजणींनी बैठकीत ते लायसन नीट वाचलं.

नंबर सुरू होतो एमएच ४४ ने. ४४ म्हणजे अंबाजोगाईचं कार्यालय, बीडचं २३. पुढे लायसन पहिल्यांदा निघालं ते वर्ष, मग सात आकडी अनुक्रमांक. ताईंचं माहेर अंबाजोगाईकडचं, सासर गेवराईचं, म्हणजे २३ मधलं.

ही दोन अक्षरांची आणि आकड्यांची पद्धत फार जुनी नाही. १९३९ चा मोटार कायदा झाला तेव्हा आपलं बीड निजामाच्या राज्यात होतं. आताचा कायदा १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू. एमएच ही खूण त्याच सुमारास आली. नंतर नोंदी ‘सारथी’ या संगणक प्रणालीत गेल्या. लायसनवर ‘मुलगा, मुलगी किंवा पत्नी’ असं लिहून एकाच नावाची जागा असते. बहुतेकदा बाप नाहीतर नवरा.

विलायतेत तर गंमतच आहे. तिथल्या नंबरात आडनावाची पहिली पाच अक्षरं आणि जन्मतारीख असते. बाई असेल तर महिन्याच्या पहिल्या आकड्यात पाच मिळवतात. मार्चचं ०३ बाईच्या नंबरात ५३ होतं. म्हणजे नंबर वाचणाऱ्याला बाई की पुरुष ते लगेच कळतं. लग्नानंतर आडनाव बदललं की नंबरही बदलतो. आपल्याकडे नावात दुरुस्ती झाली तरी नंबर तोच राहतो. हे मात्र आम्हाला आवडलं.

आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा नियम झाला. लग्न झालेल्या बाईचं मात्र पूर्वीसारखंच, तिच्या नावापुढे नवऱ्याचं.

ताईंनी विवाह नोंदणीचा दाखला जोडून लायसनवरचं नाव बदलून घेतलं, मग कर्जाचा कागद पुढे सरकला. कार्ड नवं आलं, त्यावर नवऱ्याचं नाव आहे. नंबर वाचून आम्ही हसलोच. सुरुवातीला अजूनही एमएच ४४.